माणसं आहेत, पण काम तयार आहे का?

आजचा भाग खास तीन प्रकारच्या लोकांसाठी आहे. जे सिव्हिलचा डिप्लोमा किंवा डिग्री करून नुकतेच साइटवर उभे राहिलेत, जे घरच्या ठेकेदारीत हळूहळू हात घालतायत, आणि ज्यांच्या गावच्या घराचं बांधकाम सुरू आहे आणि ‘मिस्त्री आज पण आला नाही’ हे वाक्य आता ज्यांना पाठ झालंय. विषय आहे बांधकामावरच्या माणसांचं नियोजन. कोणती टोळी कधी बोलवायची, किती माणसं घ्यायची, इथून तिथे कधी हलवायची, आणि मुख्य म्हणजे ती टिकवायची कशी.

माझी ओळख एका ओळीत सांगतो. मी पुणे आणि पिंपरी-चिंचवड भागात रहिवासी इमारतींच्या साइटवर प्लॅनिंगचं काम बघतो. म्हणजे कॉम्प्युटरवर रंगीत पट्ट्या काढून ‘हे काम या तारखेला संपेल’ असं सांगणारा माणूस. पण आज त्या पट्ट्यांबद्दल फारसं बोलणार नाही. मुकादम, फिटर, सेंट्रिंगवाले यांच्याशी बोलून जे कळलं, ते सांगतो.

लेबर नाही, म्हणजे नेमकं काय?

कुठल्याही रखडलेल्या साइटवर जा आणि विचारा, काम का थांबलंय? दहापैकी आठ वेळा उत्तर येतं, ‘लेबर नाही’. बरेचदा ते खरंही असतं. पण त्याच साइटवर सकाळी साडेनऊला एक फेरी मारा. सेंट्रिंगची माणसं प्लायची वाट बघत बसलीयत, कारण प्लाय अजून खालच्या मजल्यातून सुटलेला नाही. टाइल्सवाला आलाय, पण बाथरूममध्ये वॉटरप्रूफिंगचं पाणी भरून ठेवलंय. गवंडी तयार आहे, पण खिडकीची उंची कोणती धरायची याचं ड्रॉइंग आलेलं नाही. म्हणजे माणसं आहेत. त्यांच्यासमोर काम नाही.

आजच्या पूर्ण भागातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: माणसं बोलवायच्या आधी काम तयार ठेवा. नियोजन म्हणजे माणसाला कामाला जुंपणं, असं आपल्याला वाटतं. खरं तर माणूस येईल तेव्हा त्याला हातात लगेच हत्यार घेता येईल अशी जागा, माल आणि माहिती तयार असणं, हेच नियोजन.

आता हे एवढं महत्त्वाचं का, त्यासाठी पैशाचा हिशेब बघू.

साइटवर मजुरी दोन प्रकारची. एक रोजंदारी, म्हणजे हजेरी लागली की पैसे. दुसरं उक्तं काम, म्हणजे सेंट्रिंगला चौरस फुटावर, स्टीलला किलोवर किंवा टनावर, बांधकामाला ब्रासवर असा रेट. मोठी कामं बहुतेक उक्तीच जातात. आठवड्याला खर्ची मिळते, आणि मोजमाप झालं की बिल.

समजा, १२ जणांची सेंट्रिंगची टोळी आहे आणि प्रत्येकाचा दिवस ८०० रुपयांचा धरला. प्लाय आला नाही म्हणून सोमवार रिकामा गेला. ९,६०० रुपये गेले. कोणाचे गेले? ठेकेदाराच्या वहीत त्या दिवसाचा खर्च शून्य दिसतो, कारण काम झालं नाही तर रेटप्रमाणे काही द्यायचंच नाही. ऑफिसच्या शेड्यूलमध्ये फक्त ‘एक दिवस उशीर’ असं दिसतं. पण त्या १२ जणांचं जेवण, खोलीचं भाडं, गावाकडे पाठवायचे पैसे, हे सगळं चालूच असतं. तो रिकामा दिवस त्यांच्या खिशातून गेला.

आणि इथेच लेबर का पळतं याचं उत्तर आहे. मुकादम मूर्ख नसतो. तुमच्याकडे आठवड्यातले दोन दिवस बसून जातात हे दिसलं की तो दुसरी साइट हातात धरतो. अर्धी माणसं तिकडे पाठवतो. मग तुम्ही फोन करता, ‘भाई, बीस आदमी बोले थे, ग्यारह कैसे आए?’ तो म्हणतो, ‘साहब, कल पक्का.’ तो खोटं बोलतो असं आपण म्हणतो. पण आपण त्याला सांगितलं होतं की ५ तारखेला जागा मोकळी मिळेल, आणि दिली ९ तारखेला. त्याच्या विसातले अकरा हे आपल्या पाच तारखेच्या नऊ तारखेला दिलेलं उत्तर असतं. त्यानेही आपल्यासारखाच थोडा बफर ठेवलाय, इतकंच.

दोन विंगची गंमत

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. आकडे सोपे ठेवतो, कागद-पेन असेल तर काढा, नाहीतर मनात धरा.

एका मजल्याची साखळी अशी: आधी कॉलमचं स्टील, २ दिवस. मग कॉलमचे बॉक्स लावून कॉलम भरणं, २ दिवस. मग बीम आणि स्लॅबचं सेंट्रिंग, ४ दिवस. त्यावर स्लॅबचं स्टील, ३ दिवस; इलेक्ट्रिकचे पाइप याच दिवसांत, खालची जाळी आणि वरचं स्टील यांच्या मधे टाकून घ्यायचे. शेवटी स्लॅब भरणं, १ दिवस. एकूण १२ कामाचे दिवस.

या साखळीत दोन मुख्य टोळ्या आहेत. फिटर, म्हणजे स्टील बांधणारे, आणि सेंट्रिंगवाले. एकच इमारत असेल तर काय होतं? सेंट्रिंगवाल्यांना बारापैकी ६ दिवस काम, ६ दिवस हात रिकामे. फिटरला ५ दिवस काम, बाकी रिकामं. आता सांगा, महिन्यातले अर्धे दिवस बसून कोण राहील?

आता त्याच जागी ए आणि बी अशा दोन विंग आहेत असं धरा, आणि बी विंग बरोबर ६ दिवस मागे ठेवा. ए विंगवर सेंट्रिंगवाले तिसऱ्या दिवशी चढतात आणि आठव्या दिवशी उतरतात. नवव्या दिवशी बी विंगवर कॉलमचं स्टील बांधून तयार असतं, ते तिकडे जातात. चौदाव्या दिवशी तिथून मोकळे होतात, तोवर ए विंगचा स्लॅब भरून वरच्या मजल्याचं कॉलम स्टील उभं असतं. पंधराव्या दिवशी पुन्हा ए. एकही दिवस रिकामा नाही.

फिटरचं बघा. गाडी रुळावर आली की त्यांना दर ६ दिवसांत ५ दिवस बांधायचं काम मिळतं: दोन दिवस एका विंगच्या कॉलमचे, तीन दिवस दुसऱ्या विंगच्या स्लॅबचे. सहावा दिवस कुठल्यातरी विंगच्या स्लॅब भरण्याचा. त्या दिवशी एक-दोघे स्लॅबवर लक्ष ठेवायला, बाकीचे खाली पुढच्या मजल्याची कटिंग-बेंडिंग करतात.

माणसं तेवढीच, रेट तोच, इमारत तीच. फक्त एक विंग मुद्दाम ६ दिवस मागे ठेवली. उत्साही मालक म्हणतो, ‘दोन्ही विंग एकदम चालू करा, नारळ एकाच दिवशी फोडू.’ नारळ फोडा हो, पण स्लॅब एकाच दिवशी भरायला गेलात तर दुप्पट माणसं लागतील आणि तीही अर्धा वेळ बसतील. एकच इमारत असेल तर? तर स्लॅबचे दोन भाग पाडता येतात का हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. जोड कुठे घ्यायचा हे तोच ठरवणार, आपण नाही. तेही जमत नसेल तर मुकादमाला आधीच स्पष्ट सांगा, ‘या तारखेपासून सहा दिवस तुमची टोळी मोकळी, दुसरीकडे काम घ्या, अमुक तारखेला परत या.’ त्याला हे आधी कळलं तर तो नक्की परत येतो, कारण त्याचेही दिवस भरतात.

टेकू काढायची घाई

या बारा दिवसांच्या गणितात एक धोका लपलाय. त्यावर जरा थांबू, कारण इथे प्रश्न पैशाचा नाही, जिवाचा आहे.

स्लॅब भरला की लगेच खालचे टेकू, म्हणजे प्रॉप्स, काढता येत नाहीत. आपल्याकडचं काँक्रीटचं मानक, आयएस ४५६, याचे दिवस सांगतं. साधं ओपीसी सिमेंट आणि हवा १५ अंशांच्या खाली जात नसेल तर: कॉलमच्या, बीमच्या उभ्या बाजू १६ ते २४ तासांनी सोडता येतात. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवसांनी. बीमचे टेकू ६ मीटरपर्यंत १४ दिवस, त्याहून मोठ्या बीमला २१ दिवस. फ्लाय ॲशवालं पीपीसी सिमेंट असेल, आणि आजकाल बरेचदा तेच असतं, तर हे दिवस इंजिनिअरला विचारून वाढवावे लागतात.

आता आपल्या उदाहरणात बसवा. ए विंगचा पहिला स्लॅब १२ व्या दिवशी भरला. बीमचे टेकू १४ दिवस, म्हणजे २६ व्या दिवसापर्यंत हलवायचे नाहीत. पण वरच्या मजल्याचं सेंट्रिंग तर १७ व्या दिवशी सुरू होतंय. मग टेकू आणणार कुठून? त्या विंगसाठी टेकूंचा दुसरा संच हवाच. शिवाय वरचा ओला स्लॅब खालच्या कोवळ्या स्लॅबवर भार टाकतो, म्हणून किती मजले टेकू ठेवायचे हेही स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या.

ज्याने शेड्यूल केलं त्याने माणसांचे दिवस मोजले आणि टेकूंचा दुसरा संच मोजला नाही, तर साइटवर काय होतं? सतराव्या दिवशी सेंट्रिंगची टोळी उभी आहे, सामान नाही, दिवस बुडतोय, ऑफिसातून फोन येतोय. मग कोणीतरी हळूच म्हणतो, ‘थोडे खालचे काढून घेऊ, काही होत नाही.’ मुकादमाला दोष देणं सोपं आहे. पण ती घाई शेड्यूलने जन्माला घातलेली असते. टोळीला रिकामं बसवणारं नियोजन कधीकधी नुसतं महाग पडत नाही, ते माणसाला टेकूखाली हातोडा घेऊन पाठवतं. म्हणून माझा नियम: माणसांच्या पट्टीखाली सामानाची पट्टी काढल्याशिवाय शेड्यूलवर सही नाही.

स्लॅबचा दिवस

स्लॅब भरण्याचा दिवस म्हणजे लग्नाचा दिवस. सगळे एकाच वेळी हजर लागतात, आणि एक जण नसला की सगळे थांबतात.

समजा ४५ घनमीटर काँक्रीट आहे. ६ घनमीटरच्या गाडीने आठ गाड्या. तयार काँक्रीटच्या मानकाप्रमाणे गाडी भरल्यापासून साधारण २ तासांत रिकामी व्हायला हवी. एक गाडी ओतायला किती मिनिटं लागतात हे पंपवाल्याला विचारा आणि प्लांटला तेवढ्या अंतराने गाड्या सोडायला सांगा. चार गाड्या एकदम गेटवर आल्या तर शेवटची उन्हात तापत बसते, आणि मग कोणीतरी त्यात पाण्याचा पाइप सोडतो. शहरात गर्दीच्या वेळी जड वाहनांना बंदी असते, ती वेळही धरा.

माणसांची यादी आदल्या दिवशी नावानिशी करा. व्हायब्रेटर चालवणारा आणि दुसरा व्हायब्रेटर तयार ठेवलेला. एक सुतार सबंध वेळ स्लॅबच्या खाली, टेकू बसतोय का, कुठून पाणी गळतंय का हे बघायला. एक फिटर वर, पायाखाली दबलेलं स्टील उचलायला. एक इलेक्ट्रिशियन, पाइप तुटला तर तिथल्या तिथे जोडायला. आणि जेवणाची वेळ दोन पाळ्यांत, म्हणजे काम मध्येच थंडावत नाही.

आणि दुसऱ्या दिवसापासून कोण? पाणी मारणारा. सगळ्या शेड्यूलमध्ये विसरला जातो तो हाच. आयएस ४५६ साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटला किमान १० दिवस क्युरिंग सांगतं. कडक, कोरड्या उन्हाळ्यात हे दिवस १० आणि १४ करायला सुचवतं. विदर्भ, मराठवाड्यातल्या मे महिन्यात वाफे करून भरलेलं पाणी संध्याकाळपर्यंत उडून जातं. ‘कोणीही मारेल पाणी’ म्हणजे कोणीच मारत नाही. एका माणसाचं नाव लिहा, आणि टँकरची वेळ त्याच्या नावापुढे लिहा.

एका खोलीत किती माणसं?

स्लॅब झाले की फिनिशिंग येतं आणि टोळ्या दोनाच्या दहा होतात. गवंडी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, वॉटरप्रूफिंग, प्लास्टर, टाइल्स, खिडक्या, रंग. इथे उशीर झाला की पहिला उपाय सुचतो तो ‘माणसं वाढवा’. पण दहा बाय बाराच्या खोलीत टाइल्सचा एक मिस्त्री आणि एक बिगारी मावतात. तिथे सहा जण घातलेत तर चौघे एकमेकांच्या वाटेत येतात, आणि रंगवाल्याची शिडी ओल्या टाइलवर उभी राहते.

माझी पद्धत साधी आहे. टोळ्यांना आगगाडीचे डबे समजा आणि मजल्यांना स्टेशनं. प्रत्येक टोळीला एका मजल्यासाठी सारखाच वेळ, समजा एक आठवडा. प्लास्टर पाचव्या मजल्यावर असेल तेव्हा टाइल्स चौथ्यावर, खिडक्या तिसऱ्यावर. ज्या टोळीला आठवड्यात मजला झेपत नाही तिथेच दोन माणसं वाढवायची. जी चार दिवसांत संपवते तिथली कमी करायची, तिला पुढे पळू द्यायचं नाही. सगळ्या गाडीचा वेग सर्वात हळू डब्याएवढाच असतो.

आणि मजला ताब्यात देताना आधीच्या टोळीने तो झाडून द्यायचा. ऐकायला किरकोळ वाटतं. पण आलेल्या टोळीचे पहिले दोन तास आधीच्या टोळीचा राडारोडा उचलण्यात गेले, तर ते तास कोणत्या रेटमध्ये बसतात? कुठल्याच नाही. मग तिथूनच भांडण सुरू होतं.

हे तंत्र काही नवं नाही. न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग घ्या. मार्च १९३० मध्ये काम सुरू झालं, १ मे १९३१ ला उद्घाटन. १०२ मजले, साधारण ४१० दिवस. ऐन भरात एका दिवशी ३,४०० हून जास्त माणसं कामावर होती. एवढी माणसं असून चेंगराचेंगरी का झाली नाही? माल पुढे नेण्यासाठी मजल्यांवर छोटे रूळ टाकले होते, माल ठरल्या वेळी ठरल्या मजल्यावर पोचायचा, आणि जेवणासाठी माणसांना खाली उतरावं लागू नये म्हणून वरच्या अपूर्ण मजल्यांवरच कँटीन काढले होते. सगळी युक्ती माणसाचा वेळ वाचवण्याची. लिफ्टला लाइन लावून जेवायला जाणारा कामगार आपल्याकडच्या उंच टॉवरवर रोज किती वेळ घालवतो, हे एकदा घड्याळ लावून मोजा.

कॅलेंडर कोणाचं?

ऑफिसच्या कॅलेंडरवर २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट लाल असतात. साइटचं कॅलेंडर वेगळं असतं. बिहार, झारखंड, पूर्व उत्तर प्रदेशातली माणसं होळीला आणि छठला घरी जाणार. बंगालमधल्या मुर्शिदाबाद, मालदाकडच्या टोळ्या ईदला जाणार. आपल्याकडची शेतीवाली माणसं जूनमध्ये पेरणीला गावी जाणार. मराठवाड्यातली काही कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघतात. मे महिन्यात लग्नं. आणि निवडणूक लागली की मतदानाला.

हे दरवर्षी होतं, तरी दरवर्षी साइटवर ‘अचानक लेबर गेलं’ असं म्हणतात. छठची तारीख दोन वर्षं आधी कळते हो! टोळी पहिल्यांदा साइटवर येते त्या दिवशीच मुकादमाला विचारा: घर कुठे, कधी जाणार, किती दिवस, परतीचं तिकीट कधीचं. तिकिटाचं रिझर्व्हेशन करून देणारा ठेकेदार मी पाहिलाय. त्याची माणसं होळीनंतर ठरल्या दिवशी परत आली होती. शेजारच्या साइटवर महिनाभर शोधाशोध चालली होती.

पावसाचंही तसंच. जून ते सप्टेंबर बाहेरचं प्लास्टर, खोदकाम यांवर भरवसा नको. त्या दिवसांसाठी आतल्या कामांची यादी आधी तयार हवी. पाऊस आला की ‘आज सुट्टी’ म्हणण्याऐवजी ‘आज तिसऱ्या मजल्यावर आतलं काम’ असं म्हणता आलं पाहिजे.

शनिवारची वीस मिनिटं

आता हे सगळं रोज सांभाळायचं कसं? महागडं सॉफ्टवेअर असेल तर वापरा. नसेल तर एक पांढरा बोर्ड, एक मार्कर आणि शनिवारी संध्याकाळची वीस मिनिटं पुरतात.

अमेरिकेत ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल या दोघांनी १९९० च्या दशकात साइटवरच्या साप्ताहिक योजना तपासल्या. या आठवड्यात करू म्हणून ठरवलेल्या कामांपैकी निम्म्याहून थोडीशीच जास्त कामं खरोखर होत होती. म्हणजे तिकडेही आपल्यासारखंच. त्यातून त्यांनी जी पद्धत बांधली तिचं सार असं: काम कधी होईल हे ऑफिसातल्या माणसाने जाहीर करायचं नाही. जो ते काम करून घेणार आहे, म्हणजे आपला मुकादम, फोरमन, त्याने शब्द द्यायचा. आणि ‘नाही जमणार’ म्हणायची त्याला मोकळीक हवी.

तर शनिवारी सगळ्या मुकादमांना बोर्डासमोर उभं करा. बसवू नका, उभ्याने बैठक लवकर संपते. तीन प्रश्न विचारा. एक, पुढच्या आठवड्यात काय पूर्ण करणार? दोन, त्यासाठी काय अडतंय: जागा, माल, ड्रॉइंग, मशिन, आधीची टोळी, पैसे? तीन, गेल्या आठवड्यात दिलेला शब्द पाळला का, नाही तर का नाही? कारण एका शब्दात लिहायचं. ‘माल’, ‘ड्रॉइंग’, ‘पाऊस’, ‘माणसं’. महिनाभर लिहा आणि मोजा. कुठलं कारण किती वेळा आलं ते बोर्डच सांगेल. ‘माणसं’ हे कारण वाटतं तेवढ्या वेळा येत नाही, हे तुमच्याच बोर्डवर दिसण्याची शक्यता बरीच आहे.

बोर्डचा फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. पण ग्रुपवर चर्चा नको. दोनशे मेसेजखाली ‘उद्या सकाळी पंप येणार नाही’ हा मेसेज हरवतो. बदल झाला तर फोन करायचा, आणि रात्री आठच्या आत करायचा. सकाळी साडेआठला सांगितलेला बदल म्हणजे बारा माणसांचा दिवस गेला.

आणि पुढच्या तीन आठवड्यांवर नजर ठेवा. ज्या कामाला माल, जागा, ड्रॉइंग या तिन्ही गोष्टी हिरव्या नाहीत, ते काम पुढच्या आठवड्याच्या यादीत येऊच द्यायचं नाही. तिथे टोळी बोलवायची नाही. हा एकच नियम काटेकोर पाळलात तरी साइटचा नूर बदलतो.

हजेरीची वही

शेवटचा मुद्दा, आणि हा तुमच्यातल्या नवीन इंजिनिअरांनी विशेष ऐका. मोजमाप वेळेवर करा. टोळी टिकवायचा सगळ्यात स्वस्त उपाय तोच आहे. स्लॅब भरून पंधरा दिवस झाले तरी मोजमाप नाही, बिल नाही, नुसती खर्ची, असं झालं की मुकादम स्वतःच्या खिशातून माणसं सांभाळतो. फार दिवस नाही सांभाळू शकत.

आणि हजेरी नावानिशी लिहा. ‘सेंट्रिंग १२’ असं नको, बाराजणांची नावं. याला एक मोठं कारण आहे. १८ ते ६० वयाचा, गेल्या वर्षभरात किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेला कामगार कल्याणकारी मंडळात नोंद करू शकतो. मुलांच्या शिक्षणाला, आजारपणाला मदत अशा योजना त्यातून मिळतात, आणि त्यासाठीचा पैसा बांधकामाच्या खर्चावरच्या १ टक्का उपकरातून येतो, म्हणजे आपल्याच साइटमधून. पण ९० दिवसांचं प्रमाणपत्र द्यायचं तर दिवस कुठेतरी लिहिलेले हवेत. तुमची वही नीट असेल तर कोणाच्या तरी मुलीची शिष्यवृत्ती त्या वहीवर उभी राहते. इंजिनिअरच्या सहीला इतकी किंमत असते, हे कॉलेजात कोणी सांगत नाही.

तर मंडळी, उद्या सकाळी एकच करा. साइटवर, नाहीतर स्वतःच्या घराच्या बांधकामावर, साडेनऊ वाजता शांतपणे एक चक्कर मारा. ओरडायचं नाही, कोणाला उठवायचं नाही. जो बसलेला दिसेल त्याच्याजवळ जाऊन विचारा, ‘काका, कशाची वाट बघताय?’ उत्तर लिहून घ्या. आठ दिवस असं केलंत की तुमच्या साइटचं खरं शेड्यूल तुमच्या हातात येईल.

तुमच्या साइटवर सर्वात जास्त वाट कशाची बघावी लागते, ते व्हॉइस नोट करून मला नक्की पाठवा. पुढच्या भागात बोलू मोजमाप आणि बिलावर: ब्रास म्हणजे नक्की किती, आणि भांडण न करता मोजायचं कसं. तोपर्यंत हेल्मेट घाला, आणि भेटूच. नमस्कार!